नाग आपला कोण लागतो?

विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांमध्ये नाग सगळीकडे भेटतो. नागदेवे, नागदिवे, नागराळे अशा आडनावांत तो आहे. नागपूर या गावाच्या नावात आणि त्यातून वाहणाऱ्या नाग नदीत तो आहे. तरुणांच्या मोटारसायकलींवर ‘नागवंशी’ अशी अक्षरे दिसतात, हातावर फण्याचे गोंदण दिसते. म्हातारी माणसे सांगतात, “आपल्या घराण्याला नाग डसत नाही, तो आपला राखणदार.” मुले विचारतात, “आपण नागवंशी म्हणजे नेमके कोण? नाग आपला पूर्वज होता का?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एखाद्या प्राण्याशी आपले काहीतरी नाते आहे, तो आपल्या कुळाचा पाठीराखा आहे, ही भावना माणसाच्या फार जुन्या भावनांपैकी एक आहे. तिला निव्वळ अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढणारे आपल्या चळवळीत आहेत आणि तिला डोक्यावर घेऊन नाचणारेही आहेत. दोघेही एक गोष्ट विसरतात. बाबासाहेबांनी या विषयाचा शास्त्रीय अभ्यास केला होता आणि तो अभ्यास त्यांनी जातिव्यवस्थेच्या विरोधात हत्यार म्हणून वापरला होता.

नाग आपला कोण, याची तीन उत्तरे आज समाजात फिरताना दिसतात. पहिले, नाग देव आहे. दुसरे, नाग आपले रक्त आहे. तिसरे उत्तर फारसे कोणी देत नाही, ते असे की नाग ही आपल्या सामाजिक नात्याची खूण आहे. माझ्या मते तिसरे उत्तर बरोबर आहे, आणि पहिली दोन आपल्याला पुन्हा त्याच खड्ड्यात नेतात ज्यातून बाबासाहेबांनी आपल्याला बाहेर काढले.

कुळाचा प्राणी म्हणजे काय?

समाजशास्त्रात यासाठी ‘टोटेम’ हा शब्द आहे. मराठीत आपण कुलचिन्ह म्हणू. शब्द मूळचा उत्तर अमेरिकेतल्या पंचमहासरोवरांच्या परिसरातील ओजिब्वे लोकांचा. जॉन लाँग नावाच्या एका व्यापाऱ्याने १७९१ साली आपल्या पुस्तकात तो पहिल्यांदा इंग्रजीत आणला. लाँगने एका माणसाची हकीकत सांगितली आहे. त्याचा राखणदार प्राणी अस्वल होता आणि शिकारीत चुकून त्याच्याच हातून अस्वल मारले गेले. त्या माणसाला त्याचा फार मोठा धक्का बसला.

पण लाँगने इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत केली, हे पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. ओजिब्वे लोकांमध्ये एकट्या माणसाचा राखणदार प्राणी वेगळा आणि कुळाचा प्राणी वेगळा. पहिला उपवासात, स्वप्नात दिसतो. तो ज्याचा त्याचा असतो. दुसरा जन्मासोबत मिळतो आणि साऱ्या कुळाचा असतो. सारस कुळ, अस्वल कुळ, मत्स्य कुळ. प्रवासात परक्या गावी गेलेल्या माणसाला आपल्या कुळाचे घर सापडले की तिथे हक्काची भाकर मिळे. आणि एका कुळातल्या मुलामुलींची लग्ने होत नसत.

कुळाच्या प्राण्याचे वजन केवढे होते, ते १७०१ साली मोन्ट्रियलला झालेल्या मोठ्या शांतता तहावरून कळते. फ्रेंच सत्ता आणि तिथली सुमारे चाळीस आदिवासी राष्ट्रे यांच्यात हा तह झाला. त्या कागदावर आदिवासी प्रतिनिधींनी सही म्हणून प्राण्यांची चित्रे काढली. म्हणजे तो प्राणी देव्हाऱ्यातला नव्हता. त्यांच्या समाजाची ती राजकीय ओळख होती, आपल्याकडे शिक्का असतो तशी.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. छोटानागपूरच्या उरांव आदिवासींमध्ये एक्का म्हणजे कासव, टोप्पो म्हणजे सुतार पक्षी, लकड़ा म्हणजे वाघ, मिंज म्हणजे वाम मासा. ही आज त्यांची आडनावे आहेत, शाळेच्या दाखल्यावर लिहिली जातात. आपल्या गडचिरोली-चंद्रपूरच्या गोंड समाजात मरकाम हे नाव आंब्यावरून आणि टेकाम हे सागावरून आलेले आहे. चार, पाच, सहा, सात देवांची कुळे आहेत आणि समान संख्येच्या देवांच्या कुळांत सोयरीक होत नाही. प्रत्येक कुळाला काही झाडे, पक्षी, प्राणी सांभाळायचे असतात.

या सगळ्यांतून दोन नियम निघतात. एक, आपल्या कुळाच्या प्राण्याला मारायचे नाही. दोन, आपल्या कुळात लग्न करायचे नाही.

पहिल्या नियमाची चर्चा सगळे करतात, कारण ती गोड आहे. निसर्गप्रेम वगैरे. खरे महत्त्व दुसऱ्या नियमाला आहे. कुळात लग्न करायचे नाही याचा अर्थ बाहेर जा, दुसऱ्याशी सोयरीक जोडा, परक्याला आपला करा. नाग कुळाच्या मुलीला कासव कुळात जावे लागे, कासव कुळाच्या मुलीला वाघ कुळात. कुळाचा प्राणी माणसाला कोंडत नव्हता, तो त्याला दाराबाहेर पाठवत होता.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ साली धर्माच्या उगमावर ग्रंथ लिहिला, त्याचा गाभा असा की कुळ ज्या प्राण्यापुढे झुकते तो प्राणी म्हणजे दुसरे कोणी नसून ते कुळच असते. माणसे स्वतःच्या एकजुटीलाच नमस्कार करत असतात. प्राणी निमित्त असतो. दुर्खीमच्या सगळ्या गोष्टी मान्य करायची गरज नाही, पण एवढे तरी घ्यायला हरकत नाही की नागाविषयी जी माया आपल्या मनात दाटून येते, ती खरे तर आपल्या माणसांविषयीची माया आहे.

आपले देवक

महाराष्ट्रात या प्रथेचे नाव देवक. लग्नात देवक बसवतात. कुणाचे आंब्याचे डहाळे, कुणाचे उंबर, कुणाचे कळंब, कुणाचे पंचपल्लव, कुणाचे मोराचे पीस. आर. ई. एन्थोवेन यांनी १९२० ते १९२२ या काळात मुंबई इलाख्यातील जातीजमातींवर तीन खंड प्रसिद्ध केले, त्यात जातीगणिक देवकांच्या याद्या आहेत. त्या याद्या वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. देवक ब्राह्मणी धर्मशास्त्रातून आलेले नाही. गोत्र ऋषीच्या नावाने चालते. देवक झाडाच्या, पक्ष्याच्या, प्राण्याच्या नावाने चालते. ते मराठा, कुणबी, माळी, धनगर, कोळी, महार अशा कष्टकरी समाजांत रुजलेले आहे आणि समान देवकाच्या घरांत लग्न करायचे नाही हाच त्याचा नियम आहे.

मोरे कुळांत मोराच्या पिसाचे देवक सांगतात. बौद्ध परंपरेत पिप्पलीवनाच्या मोरियांचा उल्लेख आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर ते उशिरा पोहोचले आणि त्यांना चितेतले निखारे मिळाले. त्यांच्या नावाचा संबंध पालि परंपरा मोराशीच जोडते. यावरून आजचे सगळे मोरे थेट सम्राट अशोकाचे वंशज, असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही. पण मोर ही कुळाची खूण असणे या मातीत किती जुने आहे, एवढे यावरून नक्की समजते.

बाबासाहेबांनी काय केले?

९ मे १९१६. कोलंबिया विद्यापीठातल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांचा भीमराव आंबेडकर हा विद्यार्थी ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचतो. चर्चासत्र कोणाचे? अलेक्झांडर गोल्डनवायझर यांचे. या गोल्डनवायझर यांनी १९१० साली टोटेमवरच प्रबंध लिहून नाव मिळवले होते. आपल्याकडे या निबंधाचा उल्लेख शेकडो भाषणांत होतो, पण तो टोटेमच्या अभ्यासकासमोर वाचला गेला ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

त्या निबंधातले सूत्र आठवा. भारतातल्या मूळ समाजाचा नियम बहिर्विवाहाचा, म्हणजे कुळाबाहेर लग्न करण्याचा होता. त्याच्यावर अंतर्विवाह, म्हणजे गटाच्या आतच लग्न करण्याची सक्ती लादली गेली आणि त्यातून जात तयार झाली. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही चाली त्या सक्तीला टिकवण्यासाठी आल्या. म्हणजे बाबासाहेबांच्या मांडणीत कुळ आणि जात ही एकाच रांगेतली दोन नावे नाहीत. त्यांची तोंडे दोन दिशांना आहेत. कुळ बाहेर ढकलते, जात आत कोंडते.

बत्तीस वर्षांनी, १९४८ साली, ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात बाबासाहेब पुन्हा इथेच येतात. कुल आणि गोत्र हे आदिम समाजाच्या टोटेमचेच हिंदू रूप आहे, असे ते सांगतात. जनगणनेचे अधिकारी जाती-पोटजाती मोजत बसले, कुळांकडे कोणी पाहिले नाही, ही त्यांची तक्रार आहे. आणि मग ते तो हिशेब मांडतात. अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे म्हणून अस्पृश्य झाले, असे सांगणारे विद्वान होते. बाबासाहेब म्हणतात, महाराष्ट्रात मराठ्यांची कुळे बघा आणि महारांची कुळे बघा. मराठ्यांत असलेले आणि महारांत नसलेले कुळ सापडणे कठीण. मग वंश वेगळा कसा?

हा युक्तिवाद किती धारदार आहे ते नीट पाहा. ज्या कुळाच्या जोरावर पाटील मिशीला पीळ देत होता, तेच कुळ वेशीबाहेरच्या माणसाचे निघाले. बाबासाहेबांनी कुलचिन्ह हातात घेतले ते आपण किती निराळे आहोत हे दाखवण्यासाठी घेतले नाही. आपल्याला निराळे ठरवणारी भिंत खोटी आहे, हे दाखवण्यासाठी घेतले.

नाग लोक

त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी नाग लोकांची मांडणी केली. दास आणि नाग एकच, द्रविड आणि नाग हेही एकच लोक. एक नाव भाषेचे, दुसरे समाजाचे. पुढे १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी दीक्षेसाठी नागपूर का निवडले ते सांगितले. नाग लोकांनी भारतात बुद्धाचा धम्म पसरवला. आर्यांनी त्यांचा छळ केला. अगस्ती मुनीने एका नागाला वाचवले अशी कथा आहे, त्याचे आपण वंशज. आणि या गावातून नाग नदी वाहते.

या मांडणीच्या बाजूने पुरावे काय आहेत? आहेत, आणि भक्कम आहेत. सतना जिल्ह्यातील भारहूतच्या स्तूपावर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात एरापत नागराजा भगवंतांना वंदन करतो आहे असे शिल्प आहे, खाली तसे कोरलेलेही आहे. अजिंठ्याच्या १९ क्रमांकाच्या लेण्याबाहेर फण्यांचे छत्र धारण केलेला नागराजा राणीसह बसला आहे, चेहरा-शरीर पूर्ण माणसाचे. नाग नावाची राजघराणी प्रत्यक्ष इतिहासात होती. ग्वाल्हेरजवळच्या पद्मावतीला म्हणजे आजच्या पवायाला त्यांची नाणी सापडतात. समुद्रगुप्ताच्या अलाहाबादच्या स्तंभलेखात त्याने उखडून टाकलेल्या राजांच्या यादीत गणपतिनाग, नागसेन ही नावे आहेत. त्याच समुद्रगुप्ताचा मुलगा दुसरा चंद्रगुप्त कुबेरनागा या नागकुळातल्या स्त्रीशी लग्न करतो. तिची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरात येते आणि रामटेकजवळच्या नंदिवर्धनातून राज्य चालवते. आपल्या ताम्रपटात ती आईचे नागकुळ आवर्जून सांगते. विदर्भाच्या भूमीवर नागकुळाचा असा सरळ, लेखी पुरावा आहे.

पण पुरावा पूर्ण वाचायचा असतो, सोयीचा तेवढा उचलायचा नसतो. नाग घराण्यांपैकी भारशिव म्हणवणारे राजे शिवभक्त होते. वाकाटकांचे ताम्रपट सांगतात की त्यांनी खांद्यावर शिवलिंग वाहिले आणि दहा अश्वमेध केले. खुद्द प्रभावतीगुप्ता विष्णुभक्त होती. म्हणजे नाग रक्ताचा माणूस आपोआप बुद्धाकडे जात नाही. एक नाग भारहूतला बुद्धापुढे झुकतो, दुसरा नाग घोडा मारून यज्ञ करतो. रक्त एकच असेल, निवड वेगळी आहे. आपल्याला कोणता नाग जवळचा?

बाबासाहेबांनाही आपल्या सिद्धान्ताची मर्यादा ठाऊक होती. ‘द अनटचेबल्स’च्या प्रस्तावनेत त्यांनी स्वच्छ लिहिले आहे की थेट पुरावा नसलेल्या ठिकाणी त्यांनी तर्काने आणि कल्पनाशक्तीने दुवे जोडले आहेत, वाचकांनी ते तपासावेत. इतका प्रामाणिक इतिहासकार ज्यांच्या वाट्याला आला त्यांनी समाजमाध्यमांवरचे काहीही पुढे ढकलावे, हे बरे नाही. नागपंचमी हा पाच नागराजांचा स्मृतिदिन, असा मजकूर दर श्रावणात फिरतो. पंचमी म्हणजे पाचवी तिथी. वसंतपंचमी, रंगपंचमी, ऋषिपंचमी यांतही पंचमी आहे. पाच आकड्यावरून पाच राजे काढणे हा इतिहास झाला नाही. आपली बाजू खरी आहे, तिला अशा टेकूची गरज नाही.

नागाचे काय केले गेले?

कुळाच्या प्राण्यांना ब्राह्मणी परंपरेने काय केले, हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे. महाभारताच्या आदिपर्वात खांडववन जाळले जाते. तक्षक नाग तिथे नसतो, त्याची बायको मारली जाते, मुलगा कसाबसा निसटतो. वाचलेल्या मयासुराकडून पांडव आपली सभा बांधून घेतात. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये या कथेकडे बोट दाखवून सांगितले की ही शेतीसाठी जंगल साफ करण्याची आणि तिथल्या माणसांना संपवण्याची कहाणी आहे. पुढे जनमेजय सर्पसत्र करतो, एकेक नागकुळ अग्नीत पडते. ते थांबवतो कोण? आस्तीक, ज्याचा बाप ब्राह्मण आणि आई वासुकीची बहीण. दोन कुळांच्या लग्नातून जन्मलेला मुलगा कत्तल थांबवतो. ज्यांनी ही कथा लिहिली त्यांनाही हे लपवता आले नाही.

जे मारता आले नाहीत ते पोटात घातले गेले. शेष विष्णूची गादी झाला. वासुकी शंकराच्या गळ्यात अडकला. कालियाच्या डोक्यावर कृष्ण नाचला. मासा, कासव, डुक्कर अवतार झाले, मोर वाहन झाला. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त या अवतारांना पहिल्यांदा जाहीर प्रश्न विचारला आणि अवतारकथांमागे आक्रमणाचा इतिहास आहे असे मांडले. पुढे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी दाखवले की टोळ्यांचे कुलप्राणी देवांचे अवतार, वाहने आणि दागिने होत गेले, आणि त्या वाटेने त्या टोळ्याही मोठ्या समाजात सामावल्या.

पण कोणत्या पायरीवर सामावल्या? प्राण्याला देवाच्या गळ्यात जागा मिळाली, प्राण्याच्या माणसांना गावाबाहेर. नागाला दूध, नागाच्या नातेवाइकाला पाणी नाही. कुळाची खूण मंदिरात गेली आणि कुळ वेशीबाहेर राहिले. हाच तो व्यवहार आहे, आणि म्हणून ‘नाग देव आहे’ हे उत्तर आपल्याला चालत नाही. तो देव झाला त्याच दिवशी आपल्यापासून हिरावला गेला.

तथागत आणि नाग

याच्या शेजारी बौद्ध परंपरा ठेवून पाहा. बोधीनंतरच्या आठवड्यांत वादळी पाऊस येतो आणि मुचलिंद नागराज तथागतांवर फणा धरतो. पाऊस थांबल्यावर तो तरुणाच्या रूपात नमस्कार करून उभा राहतो. इथे नाग कोणाची गादी नाही आणि कोणाचा दागिना नाही. तो पाहुण्याला आडोसा देणारा यजमान आहे.

अंगुत्तर निकायात अहिराज सुत्त आहे. श्रावस्तीला एक भिक्खू सर्पदंशाने मरतो. भगवान सापांचा सूड घ्यायला सांगत नाहीत आणि सापांना नैवेद्यही दाखवायला सांगत नाहीत. सापांच्या चार राजकुळांविषयी मैत्री बाळगा, असे सांगतात. तिथे शब्दच ‘कुळ’ असा आहे. नात्याला त्यांनी मैत्तेचे रूप दिले. ती आपल्या कुळापुरती ठेवली नाही. बिनपायांचे, दोन पायांचे, चार पायांचे, अनेक पायांचे, सगळ्यांपर्यंत नेली.

विनयपिटकात आणखी एक गोष्ट आहे. एक नाग माणसाचे रूप घेऊन भिक्खू होतो. झोपेत त्याचे खरे रूप उघडे पडते आणि त्याला संघातून जावे लागते. भगवान त्याला हाकलून मोकळे होत नाहीत. उपोसथ पाळ, त्याने तू लवकर मनुष्यजन्म मिळवशील, असे सांगून पाठवतात. तेव्हापासून उपसंपदेच्या वेळी ‘तू माणूस आहेस ना?’ असे विचारतात. आजही थायलंडमध्ये दीक्षेसाठी आलेल्या तरुणाला दीक्षेआधी ‘नाग’च म्हणतात. या कथेत मला आपलीच वाट दिसते. नाग म्हणून यायचे आणि माणूस म्हणून उभे राहायचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर हेच झाले. तिथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत अवतार नाकारले आहेत आणि प्राणिमात्रांवर दया सांगितली आहे. दोन्ही एकाच यादीत आहेत. देवपण काढून घेतले, नाते ठेवले.

मग आज अडचण कुठे आहे?

अडचण ‘नागवंशी रक्त’ या शब्दांत आहे. आमचे रक्त शुद्ध, आम्ही इथले मूळचे, बाकीचे परके, अशी भाषा आपल्या काही मंचांवरून ऐकू येते. टाळ्या मिळतात. पण शुद्ध रक्त ही भाषा कोणाची? मनूची. रक्त शुद्ध राखायचे म्हणजे लग्न आतच करायचे. म्हणजे पुन्हा जात. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त बाबासाहेबांनी जात ही वंशांची विभागणी नाही, पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत, असे ठणकावले होते. त्याच बाबासाहेबांचे नाव घेऊन आपण वंशशुद्धीचे गोडवे गाणार?

काही कार्यकर्ते म्हणतील, सगळे आपापल्या वंशाचा अभिमान मिरवतात, मग आम्हीच का नको? शतकानुशतके मान खाली घालायला लावलेल्या समाजाला ताठ उभे राहायला आधार लागतो, हे मला मान्य आहे. वस्तीतल्या पोराला ‘तू राजांच्या कुळातला आहेस’ म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांत जी चमक येते ती मी पाहिली आहे. पण त्या चमकेची परीक्षा लग्नाच्या वेळी होते. आपल्याच वधू-वर मेळाव्यांत आजही हळूच विचारतात, “मुळातले कोण? लाडवण की बावणे? कोसरे की सोमवंशी?” दीक्षेला सात दशके होत आली. साडेबारा पोटजातींचा हिशेब अजून मिटला नाही. मातंग, चर्मकार, गोंड घरातली सून आणायची वेळ आली की ‘नागवंशी’ म्हणवणाऱ्या घरात मुलाशी बोलणे बंद होते. मग हा कसला नागवंश? नागकुळाचा मूळ नियम तर बाहेर सोयरीक जोडण्याचा होता!

ज्याला खरोखर नागाशी नाते सांगायचे आहे त्याने तो नियम पाळावा. पोटजात विचारू नये. जातीबाहेर लग्न करणाऱ्या पोरापोरींच्या मागे उभे राहावे. त्यांना घरातून काढले तर आपल्या घरात जागा द्यावी. हक्काची भाकर द्यावी. कुळाचे काम तेच होते.

आणि एक रोकडी गोष्ट. ‘आपल्या घराण्याला नाग डसत नाही’ हे म्हणणे बंद करावे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मेली असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आहे. मेलेली बहुतेक माणसे खेड्यातली, शेतात राबणारी, म्हणजे आपलीच. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांतल्या कोणालाही आपले कुळ कळत नाही. चावा झाला की मांत्रिकाकडे नाही, तडक सरकारी दवाखान्यात न्यायचे, प्रतिसर्पविष तिथे मिळते. आणि साप दिसला की काठी उचलायची नाही, सर्पमित्राला बोलवायचे. मैत्ता आणि विज्ञान यांचे भांडण नाही.

नाग आपला देव लागत नाही. तो आपले रक्तही नाही. आपण कधीकाळी जातीत कोंडलेले नव्हतो, बाहेर पडून नाती जोडणारे लोक होतो, याची तो खूण आहे. खूण नुसती गोंदवून भागत नाही. येत्या लग्नसराईत आपापल्या घरात तिचा अर्थ लावायचा आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.